तीन सुतांचं भोक

“पंपाचं तोंड एक इंची, म्हणून पाइप पण एक इंची? असं कुणी सांगितलं तुला?”

अण्णा देवधरसाहेबांच्या स्वयंपाकघरामागच्या कोठीत पोटावर झोपून भिंतीलगत टेप सरकवत होते. मी वही घेऊन उकिडवा बसलो होतो.

“पुस्तकात तसंच आहे,” मी म्हणालो.

“पुस्तकातला पंप टाकीखाली असंल. हितं पाण्याला सतरा फूट आडवं जायचंय, मग सहा फूट वर चढायचंय, वाटेत चार कोपरे. दमणार ते. वर पोचंस्तोवर निम्मं हुईल.”

ही गोष्ट सांगलीतली, दोन हजार सहा सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि देवधरसाहेबांच्या पंप विकणाऱ्या एजन्सीत इंजिनिअर म्हणून लागून दोन वर्षं झाली होती. साहेबांनी विश्रामबागेत नवा बंगला बांधला होता, आणि दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यामधल्या भिंतीत आठ फूट लांबीचा काचेचा हौद बसवून घेतला होता. माशांसाठी. चौदाशे लिटरचा. त्याच्याखाली पेटी ठेवायला जागा नव्हती, म्हणून पाणी गाळायची पेटी आणि पंप कोठीत ठेवायचं ठरलं होतं. हौदातलं पाणी आपल्या वजनानं खाली येणार, पेटीत गाळलं जाणार आणि पंप ते परत वर ढकलणार. ही परतीची लाइन करायला साहेबांना चांगला फिटर हवा होता. मी वडिलांचं नाव सुचवलं.

माझे वडील, भूपाल चौगुले, म्हणजेच अण्णा, साखर कारखान्यात फिटर होते. एकतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर ते सायकलला पिशवी अडकवून घरगुती कामं करत. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. माधवनगरला आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहत होतो.

मी वहीत हिशेब मांडला. लांबी, कोपरे, घर्षण, चढ. अर्धा तास गेला. उत्तर आलं दीड इंच. मी ते सांगायला मान वर केली तर अण्णांनी भिंतीवर पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवलं होतं, दीड. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. मीही हसलो. त्या कामातला तेवढा एक क्षण मला आजही निर्मळ आठवतो.

वाद झाला तो पुढं. साहेबांना हौदातलं पाणी आरशासारखं स्थिर हवं होतं. म्हणून परतीच्या पाइपाचं टोक पाण्याखाली दहा इंच खोल सोडायचं ठरलं. यात एक धोका होता. वीज गेली की पंप थांबतो, आणि मग त्याच पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागतं. टोक उघडं पडून हवा शिरेपर्यंत ते थांबत नाही. म्हणजे दहा इंच पाणी, साडेचारशे लिटर. खालच्या पेटीत जास्तीची जागा दीडशे लिटरचीच होती.

“झडप घालू,” मी म्हणालो. “एका दिशेनं उघडणारी. पाणी उलटं यायला लागलं की आपोआप मिटते.”

“घाल की. पण मी वर पाइपाला भोक पण पाडणार. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, तीन सूत. पाणी बोटभर उतरलं की भोकातनं हवा आत जाती आणि धार तुटती.”

“झडप असल्यावर भोक कशाला?”

“झडपेला हलावं लागतंय, सुकुमार. जे हलतंय ते कधीतरी अडकतंय. भोकाला काय हलायचं नसतंय.”

त्यांनी भोक पाडलं. तीन सूत, म्हणजे करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढं. झडप बसवायच्या आधी माझ्यासमोर पंप बंद करून दाखवला. पाणी बोटभर उतरलं, भोकानं सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला आणि सगळं थांबलं.

पुढच्या रविवारी साहेबांनी चार पाहुणे बोलावले. हौदात एंजल मासे होते, तळहाताएवढे ऑस्कर होते, मागं हिरवी झाडं. सगळे वाहवा करत होते. मग एकानं विचारलं, “वर हे काय बुडबुडतंय?” भोकातून बारीक धार सुटून पृष्ठभागावर सुरकुती उठत होती. कान दिला तर चिर्र असा आवाजही येत होता.

साहेब हसून म्हणाले, “सुकुमार, तुझ्या वडिलांनी नव्या पाइपाला गळती ठेवलीय की काय?”

पाहुणे हसले. मीही त्यांच्याबरोबर हसलो. ते भोक कशासाठी आहे हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब परगावी होते. माशांना बघून येतो म्हणून मी बंगल्यावर गेलो, स्टुलावर चढलो आणि सांधे बुजवायचा मसाला मळून ते भोक बाहेरून बंद केलं. बोटानं इतकं सफाईनं पुसलं की जवळून बघितलं तरी कळू नये. आवाज थांबला. पाणी आरशासारखं झालं. झडप होतीच. अण्णांना मी बोललो नाही. साहेब परत आल्यावर म्हणाले, “आता कसं छान दिसतंय,” आणि मी मान हलवली.

त्या साली भारनियमन रोजचंच होतं. दुपारी बारा वाजता वीज जायची ती तीनला यायची. वीज गेली की कोठीतली झडप टक करून मिटायची. दोन महिने ती रोज मिटली. दोनदा मी मुद्दाम त्या वेळेला जाऊन ऐकून आलो, आणि आपलं बरोबर होतं असं मनाशी म्हणालो.

ऑक्टोबरात एका मंगळवारी दुपारी एजन्सीच्या दुकानात फोन आला. साहेबांच्या पत्नी, मृणालवहिनी, बोलत होत्या. “घरात पाणी झालंय. लवकर ये. हौसाबाई पडल्यात.”

हौसाबाई म्हणजे त्यांच्या स्वयंपाकीणबाई. पन्नाशीच्या. तीन घरी भाकरी-भाजी करायच्या. नवरा नव्हता, एकुलती लेक कोल्हापूरला दिलेली.

मी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याखाली पाणी होतं. वीज गेल्यावर पेटी भरून वाहिली होती. हौसाबाई ओट्याला पाठ टेकून ओल्यातच बसल्या होत्या. पाणी कुठून येतंय बघायला त्या कोठीकडं धावल्या आणि गुळगुळीत फरशीवर घसरल्या. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता, आणि तो मनगटापाशी जसा वळलेला होता तसा हात वळत नाही. त्या ओरडत नव्हत्या. मला म्हणाल्या, “गॅस बंद केलाय का बघा.”

वहिनी त्यांना गाडीतून दवाखान्यात घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “हे म्हणाले, वडिलांना बोलावून घे.”

मी आमच्या घराशेजारच्या दुकानात फोन करून अण्णांना निरोप दिला. माधवनगरहून सायकलनं यायला त्यांना अर्धा तास लागणार होता. घरात मी एकटा होतो.

त्या अर्ध्या तासात मी काय केलं ते सांगतो. मी आधी पाणी पुसायला घेतलं नाही. मी स्टुलावर चढलो. स्क्रू-ड्रायव्हरनं तो मसाला खरवडून काढला, मग भोकात खिळा फिरवून ते आतून साफ केलं. हौदात पडलेले तुकडे जाळीनं वेचले. सगळा चुरा खिशात घातला. मग खाली उतरून फडकं घेतलं.

अण्णा घामाघूम होऊन आले. “बाईचा हात मोडला?” त्यांनी पहिलं हेच विचारलं. मग कोठीत जाऊन झडप उघडली. आत वाटाण्याएवढा शंख अडकला होता. झाडांबरोबर आलेल्या गोगलगायीचा. त्यांनी तो तळहातावर घेऊन मला दाखवला, पण ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाले नाहीत. तेवढ्यात देवधरसाहेब आले. अण्णा स्टुलावर चढले. काडेपेटीतली काडी काढून त्यांनी भोकातून आरपार घातली आणि बाहेर काढली. परत घातली.

“उघडं हाय,” ते म्हणाले.

“मग पाणी थांबलं का नाही?” साहेबांनी विचारलं.

अण्णांनी भोकाला करंगळीचं टोक लावून बघितलं. मी त्यांच्या पायाशी स्टूल धरून उभा होतो.

“भोक उघडं असून धार तुटली न्हाई. म्हणजे भोक लहान पडलं. दीड इंचाला तीन सूत पुरलं न्हाई.” ते खाली उतरले. “झडप अडकणारच, साहेब. तवाच्यासाठी तर भोक हुतं. माझा अंदाज चुकला.”

“भूपालराव, एकतीस वर्षांचा अनुभव म्हणत होतात तुम्ही.”

अण्णांनी हात पुसले. “व्हय,” म्हणाले. “म्हणत हुतो.”

आज बोलतो, उद्या बोलतो, साहेबांचा राग उतरल्यावर बोलतो, असं मनात चाललं होतं. तसं करत आठ महिने गेले.

हौसाबाईंचं हाड बसवलं, प्लास्टर घातलं. दीड महिन्यानं काढलं तेव्हा मनगट वाकडंच राहिलं होतं. मूठ मिटेना, भाकरी थापता येईना. तिन्ही घरची कामं सुटली. बंगल्यावर नवी बाई आली. हौदात पाणी पुन्हा काठोकाठ भरलं. एकही मासा मेला नव्हता.

साहेब गिऱ्हाइकांना अण्णांचं नाव सुचवायचे, ते बंद झालं. पण त्याचं अण्णांना फारसं वाटलं नाही. त्यांना दुसरंच लागून राहिलं होतं. नोव्हेंबरात त्यांनी परसात दोनशे लिटरचा ड्रम विटांच्या चौथऱ्यावर चढवला. दीड इंची पाइपाचा तुकडा आणला, तसेच कोपरे बसवले, तसंच टोक खोल सोडलं, तीन सूत भोक पाडलं. ड्रम भरायचा, पाइप भरून घ्यायचा, आणि खालून पाणी सोडायचं. पाणी बोटभर उतरलं की भोक सुस्कारा टाकायचं आणि धार तुटायची. प्रत्येक वेळी. त्यांनी दुसऱ्या तुकड्याला दोनच सुतांचं भोक पाडलं, तरी तुटायची. मग पाणी गढूळ करून बघितलं, पाइप तिरका करून बघितला.

“हितं तुटती,” ते म्हणायचे. “मग तिथं का तुटली न्हाई?”

विहिरीवरून बादल्या आणायला मी त्यांना मदत करायचो. धार किती सेकंदांत तुटते ते बघायला घड्याळ मी धरायचो. “चार,” मी सांगायचो. “साडेचार.” ते खडूनं भिंतीवर लिहायचे.

आणि रविवारी सकाळी ते सायकल काढून संजयनगरला हौसाबाईंकडं जायचे. तिथं गल्लीच्या तोंडाला एकच नळ होता आणि हौसाबाईंना एका हातानं घागर उचलता येत नव्हती. आठवड्यात मधेही ते दोन-तीनदा जायचे. विचारलं तर एवढंच म्हणायचे, “पाणी भरून आलो.” एकदा मी म्हणालो, “मी येऊ का?” ते म्हणाले, “तू कशाला? तुझा काय संबंध?”

जूनमध्ये आमच्या बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, दोघं पंच घरी आले. मंदिराची पाण्याची लाइन बदलायची होती. जुनी लाइन अण्णांनीच वीस वर्षांपूर्वी टाकली होती. अण्णांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाले, “दुसरा माणूस बघा. माझा अंदाज आता धरू नका.”

पंचांना वाटलं ते मस्करी करतायत. ते हात जोडून उभे राहिले तेव्हा दोघं निघून गेले.

आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. त्या संध्याकाळी ताटं समोर होती. अण्णांनी पहिला घास घेतला नव्हता.

“अण्णा, भोक बंद होतं,” मी म्हणालो.

“कुठलं?”

“हौदाचं.”

“बंद नव्हतं. काडी घालून बघितली मी.”

“तुम्ही यायच्या आधी मी खरवडून काढलं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. पाहुणे, आवाज, मसाला, स्टूल, खिसा. शेवटी त्यांनी विचारलं, “आतनं बंद केलेलंस का बाहेरनं?”

“बाहेरनं.”

त्यांनी हळूहळू मान हलवली. “म्हणजे तीन सूत बरोबर हुतं.”

“होय.”

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. आठ महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, संपलं. सुटलो.

मग ते म्हणाले, “घड्याळ तू धरत हुतास.”

मी खाली बघितलं.

“मी ड्रम भरत हुतो आणि तू सेकंद सांगत हुतास.” आवाज चढला नव्हता. ते खरोखरच आठवून बघत होते. “बाईला सांगितलंस?”

“नाही.”

“मग मला काय सांगतोस? हात माझा मोडला हुता व्हय?”

त्यांनी ताट बाजूला सारलं आणि परसात जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी मी संजयनगरला गेलो. पत्र्याची एक खोली, दारात तुळस, आत पाण्याच्या तीन घागरी भरून झाकून ठेवलेल्या. हौसाबाई डाव्या हातानं तांदूळ निवडत होत्या.

“अण्णा बरे हाईत न्हवं?” त्यांनी विचारलं. “तुमी कसं काय आला?”

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगून झालं नसतं. त्यांचा हात तांदळातच थांबला.

“तुमी बुजिवलं,” त्या म्हणाल्या.

“होय.”

“आणि म्हाताऱ्यानं न्हाई.”

“त्यांना माहीतच नव्हतं.”

“तुमाला ठाऊक हाय का, मी त्या माणसाला काय काय बोललीया?” त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. “दारात आलं की सुरू करायची. वाटोळं केलं म्हटलं. हात झडू दे तुझा म्हटलं. एकदा भरल्याली घागर लाथंनं उलटी केली. तो माणूस खाली मान घालून परत नळावर गेला आणि भरून घिऊन आला. उलट एक शबुद बोलला न्हाई.”

मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

“ते आता मी माघारी कसं घिऊ? सांगा की. शिकल्यालं हाईसा तुमी.”

त्यांनी तांदूळ पुन्हा निवडायला घेतले, म्हणून मी निघालो.

तिथून मी थेट दुकानात गेलो आणि देवधरसाहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. “आता हे उकरून काय करायचं, सुकुमार? झालं ते झालं. तू माझा कामाचा माणूस आहेस.” अण्णांबद्दल चार ठिकाणी खरं सांगा असं मी म्हणालो. त्यांनी बघू म्हटलं, आणि माझ्या समजुतीप्रमाणं एका ठिकाणी सांगितलंही. मला कामावरून काढलं नाही, की माझ्याशी बोलायचं टाकलं नाही. उलट दिवाळीत हुद्दा वाढवून दिला. तो मी घेतला.

रविवारी सकाळी अण्णा सायकल पुसत होते. मी आत होतो. फाटक वाजलं. हौसाबाई वाकडा हात पदराखाली घेऊन अंगणात उभ्या होत्या. बसनं आल्या होत्या.

“या की,” अण्णा म्हणाले. “मीच निघालोतो. बसा.”

त्या पायरीवर बसल्या. अण्णा एक पायरी सोडून खाली बसले. मी खिडकीशी होतो, पण तिकडं गेलो नाही.

“लई बोलले मी तुमाला,” हौसाबाई म्हणाल्या.

“बोलण्यासारखंच झालं हुतं.”

“पर तुमी केलंच नव्हतं की ते.”

अण्णांनी सायकल पुसायचं फडकं घडी घालून पायरीवर ठेवलं. मग म्हणाले, “केलं ते पोरगं माझंच हाय.”

मी चहा टाकला. नेऊन ठेवला तेव्हा हौसाबाईंनी कप डाव्या हातानं उचलला आणि माझ्याकडं बघून नेहमीसारखं म्हणाल्या, “साखर जरा कमी टाकायची हुती.” एवढंच.

अण्णांनी बस्तीची लाइन त्या पावसाळ्यानंतर टाकली. ती अजून गळत नाही. ते पुढं सात वर्षं जगले आणि आमच्यात हा विषय पुन्हा निघाला नाही. हौसाबाईंचा हात सुधारला नाही. पुढं एका बालवाडीत मुलांकडं बघायचं काम त्यांना मिळालं.

पुण्याला नोकरी लागेपर्यंत दीड वर्ष, दर रविवारी त्यांचं पाणी मी भरलं. दारात घागर ठेवताना मी थोडा वेळ थांबायचो. अण्णांना घातल्या तशा चार शिव्या त्या मलाही घालतील, या आशेनं. त्या म्हणायच्या, “ठेवा तिथं. ऊन झालंय, पाणी पिऊन जावा.” आणि दीड वर्षात त्यांनी मला एकही शिवी दिली नाही.